त्याच्यासाठी की आमच्यासाठी?

शब्बाथशाळा नुकतीच सुटली होती. मंदिराच्या आवारातील कडुनिंबाखाली आमचा मोती तीन पायांवर उभा राहून मुलांच्या हातांतील बिस्किटांकडे आशेने पाहत होता. लहान वर्गातील एक मुलगी त्याच्या खांद्यावरील टाक्यांच्या खुणेकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग आम्हांला म्हणाली, "काका, तुम्ही मोतीचा पाय कापलात, तेव्हा त्याला विचारलं होतं का?"

आम्ही हसून म्हणालो, "बाळ, त्याच्या भल्यासाठीच केलं ना!" तिने मान डोलावली आणि ती आईचा हात धरून निघून गेली. पण तिने विचारले होते एक आणि आम्ही सांगितले होते दुसरेच. ही गोष्ट २०२२ च्या नोव्हेंबरातील. त्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावयास आम्हांला पुढे सहा महिने लागले, आणि ते उत्तर आमच्या बाजूने पूर्णपणे लागले असे नाही. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना असे प्रश्न नेहमीच येतात, म्हणून झाली हकीकत वाचकांपुढे जशीच्या तशी ठेवीत आहोत.

मोती आमच्याकडे आला तो २०१२ च्या पावसाळ्यात. इंदूरला सलग तीन दिवस झड लागली होती आणि मंदिराच्या मागच्या पायरीखाली हे पिलू कुडकुडत बसले होते. आई गावठी; बाप बहुधा कोणाच्या तरी बंगल्यातला अल्सेशियन असावा, कारण वर्षभरात त्याची उंची आमच्या मांडीपर्यंत आली. दहा वर्षे त्याने आमचे दार राखले, दोन्ही मुलांना शाळेच्या रिक्षापर्यंत पोहोचविले आणि आमच्या आईच्या खाटेखाली झोप घेतली.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये तो पुढच्या डाव्या पायाने लंगडू लागला. आम्ही म्हणालो, वय झाले, पावसाची हवा आहे, मुरगळला असेल. हळद-तेल गरम करून रोज चोळले. मनगटाच्या वर थोडी सूज दिसली, तीही चोळली. अशा रीतीने पाच-सहा आठवडे गेले. ही चूक आमची, आणि ती इथे मुद्दाम लिहितो. मोठ्या बांध्याच्या, वय झालेल्या कुत्र्याचे लंगडणे आठ-दहा दिवसांत कमी होत नसेल आणि हाडावर टणक सूज असेल, तर ती चोळीत बसू नये, क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत. आयबुप्रोफेनसारखी आपल्या घरात सहज सापडणारी गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकते.

सप्टेंबरच्या मध्यास आम्ही त्याला महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेले. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून दाखविली. मनगटावरचे हाड वाळवी लागलेल्या चौकटीसारखे पोखरलेले होते. सुईने नमुना घेऊन तपासला, आणि ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, असे निदान झाले. कुत्र्यांत हाडातच उपजणाऱ्या कर्करोगांपैकी हाच सर्वांत अधिक आढळतो, आणि तो बहुधा मोठ्या जातींच्या, सात-आठ वर्षांपुढील कुत्र्यांना गाठतो. मनगटाजवळची जागा ही त्याची नेहमीची जागा.

डॉक्टरांनी काही लपविले नाही. ते म्हणाले, "छातीच्या फोटोत फुफ्फुसं स्वच्छ दिसतात, ही चांगली गोष्ट. पण हा रोग सापडतो तोवर दहापैकी नऊ कुत्र्यांत त्याचं बी फुफ्फुसात पोहोचलेलं असतं. ते इतकं बारीक असतं की फोटोत येत नाही. नुसता पाय काढला तर निम्मी कुत्री चार-पाच महिन्यांत जातात. पुढे कार्बोप्लॅटिनसारख्या औषधाची इंजेक्शनं दिली तर निम्मी दहा-बारा महिने काढतात. दोन वर्षं काढणारी थोडी."

"मग पाय कापून उपयोग काय?" आम्ही विचारले.

"पाय कापून आपण कॅन्सर बरा करत नाही," ते म्हणाले. "दुखणं काढून टाकतो. हे हाडाचं दुखणं गोळ्यांनी थोडं दबतं, जात नाही. आणि एक दिवस हे हाड चालता चालता मोडेल. मोडलं की ते जुळणार नाही."

शिल्लक राहिलेले मार्ग तीन. गोळ्यांवर ठेवायचे आणि हाड मोडण्याची वाट पाहायची. पाय काढायचा आणि जे काही महिने मिळतील ते घ्यायचे. नाही तर आताच इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे झोपवायचे.

त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही. पत्नी म्हणाली, "अहो, दहा वर्षं तो धावला. आता त्याला लंगडा करून ठेवायचं? त्यापेक्षा आहे तसा राहू द्या." मुलगा म्हणाला, "सगळं करायचं. इंजेक्शनंही द्यायची. वाटल्यास माझी सायकल विका." मुलगी काहीच बोलली नाही, ती मोतीजवळ जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मंडळीतील एक वडीलधारे बंधू भेटले. ते प्रेमानेच म्हणाले, "भाऊ, तुम्ही उपदेश करता म्हणून बोलतो. आपल्या मंडळीत औषधाला महाग असलेली माणसं आहेत, आणि तुम्ही कुत्र्यासाठी हजारो रुपये खर्चणार?"

प्रत्येकाच्या बोलण्यात काही खरे होते. म्हणून आम्ही एकेक म्हणणे वेगळे करून पाहिले.

प्रथम पत्नीचे म्हणणे. तीन पायांचे कुत्रे पाहून आपल्याला गलबलून येते, कारण आपण स्वतःला त्याच्या जागी ठेवतो. पाय गेलेल्या माणसाच्या मनात कितीतरी गोष्टी दाटून येतात. लोक काय म्हणतील, नोकरी राहील का, मी पूर्वी कसा होतो! कुत्र्याच्या मनात यांपैकी काय येत असेल ते सांगता येत नाही, पण पाय गेल्याची लाज त्याला वाटत असेल असे त्याच्या वागण्यात तरी दिसत नाही. दुखरा पाय त्याने अगोदरच सोडून दिलेला असतो. मोती कित्येक आठवडे तीनच पायांवर चालत होता, चौथा फक्त दुखण्यासाठी उरला होता. तेव्हा "लंगडा करणे" हा शब्द आमच्या डोळ्यांना होणाऱ्या त्रासाचा होता, त्याच्या त्रासाचा नव्हता.

मग मुलाचे म्हणणे. त्याला मोती हवा होता, जितके दिवस मिळेल तितके. हे प्रेमच आहे. पण "नाताळपर्यंत तरी", "परीक्षेपर्यंत तरी" ही मापे आमची आहेत. कुत्र्याजवळ पंचांग नसते. पुढचे सहा महिने मिळावेत म्हणून आजचे दुखणे सोसावे, हा हिशेब माणूस करू शकतो, कारण त्याला ते सहा महिने दिसतात. कुत्र्याला आजचा दिवस दिसतो. म्हणून त्याच्या बाबतीत "किती दिवस?" याच्या आधी "कसले दिवस?" हे विचारले पाहिजे.

आणि खर्चाचे म्हणणे. हे सर्वांत कठीण होते, कारण ते बंधू खोटे बोलत नव्हते. आम्हांला इतकेच सुचले की, दया ही पिठाच्या डब्यासारखी नसते, कुत्र्याला काढून दिली म्हणून माणसासाठी कमी पडली, असे होत नाही. १८२४ साली लंडन येथे प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध एक संस्था स्थापन झाली, ती आर्थर ब्रूम नावाच्या एका पाळकांच्या पुढाकाराने. संस्थेच्या कर्जापायी ते पुढे तुरुंगातही गेले. त्याच संस्थेच्या संस्थापकांत विल्यम विल्बरफोर्स होते, ज्यांनी गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी आयुष्य वेचले. ज्यांच्या हृदयात गुलामाला जागा होती त्यांच्याच हृदयात गाडीच्या घोड्यालाही जागा मिळाली. पण पैसा मात्र पिठाच्या डब्यासारखाच असतो. म्हणून आम्ही ठरविले की मोतीचा खर्च आमच्या घरातून निघेल, मंडळीच्या गरजूंसाठी जे देतो त्यातून एक पैसाही निघणार नाही. इंजेक्शनांचा खर्च आमच्या आवाक्याबाहेर होता. तो केला नाही. हे सांगताना आम्हांला संकोच वाटत नाही. कर्ज काढून घर बुडविणे ही प्रेमाची अट नाही, आणि सायकल विकावयास निघालेल्या मुलालाही आम्ही हेच समजाविले.

पवित्र शास्त्रात या प्रश्नाला सरळ लागू पडेल असा नियम आम्हांला सापडला नाही. हात किंवा पाय तोडून टाकण्याविषयी प्रभूने जे म्हटले ते पापाविषयी आहे, ते इथे ओढून आणू नये. पण दिशा सापडते. विसाव्याचा दिवस नेमताना परमेश्वराने बैल आणि गाढव यांनाही त्यात धरले. ओझ्याखाली पडलेले गाढव वैऱ्याचे असले तरी त्याला उठवावे, असे निर्गमात सांगितले आहे. आणि नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायातील दहाव्या वचनात दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत: भला मनुष्य आपल्या जनावराच्या जीवाची गरज ओळखतो, आणि दुष्टाची माया सुद्धा निर्दयच असते. या दुसऱ्या अर्ध्याकडे आम्ही पूर्वी कधी नीट पाहिले नव्हते. माया आणि निर्दयपणा एकाच ठिकाणी राहू शकतात, हे तेथे लिहिलेले आहे.

शेवटी आमच्या आईने प्रश्न सोपा करून दिला. ती खाटेवर बसून भाजी निवडीत होती. म्हणाली, "अरे, तुम्ही सगळे आपापलं सांगता. मोतीला बोलता आलं असतं तर त्यानं काय मागितलं असतं? जास्त वर्षं मागितली असती का? त्यानं म्हटलं असतं, हे दुखणं थांबवा. मग ज्यानं ते थांबेल ते करा."

मग आम्ही डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारल्या. पाय काढल्यावर दुखणे खरोखर थांबेल का? उरलेले तीन पाय त्याचा भार घेतील का? आणि भूल व शस्त्रक्रिया सोसण्याइतके त्याचे शरीर धड आहे का? त्यांनी रक्त तपासले, मूत्रपिंड व यकृत ठीक निघाले, मागच्या पायांचे खुबे दाबून, वाकवून पाहिले. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे पुढचा पाय जाणे मागच्यापेक्षा जड जाते. पण मोती लठ्ठ नव्हता आणि त्याचे सांधे शाबूत होते. तिन्ही उत्तरे "होय" आली. सप्टेंबरच्या अखेरीस शस्त्रक्रिया झाली.

पाय मनगटापाशी न कापता खांद्याच्या फऱ्यासकट काढतात, हे आम्हांला माहीत नव्हते. अर्धवट ठेवलेला तुकडा कुत्रे जमिनीवर टेकवू पाहते आणि त्याला जखमा होतात, म्हणून तसे करतात. पहिली रात्र वाईट गेली. तो कण्हत होता आणि आमच्या मनात एकच होते: आपण हे काय करून बसलो! दुसऱ्या दिवशी पोटाखालून पंचाचा आधार दिल्यावर तो उभा राहिला. घरातील गुळगुळीत फरशीवर आम्ही पोती आणि जुन्या सतरंज्या अंथरल्या. टाके निघेपर्यंतचे बारा दिवस त्याला उड्या मारू दिल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात तो आवाराच्या फाटकापर्यंत आपला आपण गेला, आणि त्या रात्री कित्येक आठवड्यांनंतर प्रथमच सलग झोपला. आई म्हणाली, "ऐका, घोरतोय." त्या घोरण्यानेच आम्हांला आमचा निर्णय पटला.

याचा अर्थ प्रत्येकाने असेच करावे असा नाही. वडोदऱ्याच्या आमच्या एका नातलगांकडे तेरा वर्षांचे अल्सेशियन होते. त्यालाही हाच रोग झाला, पण त्याचे मागचे दोन्ही खुबे आधीच झिजलेले, उठताना त्याला हात द्यावा लागे. पुढचा पाय काढला असता तर ते जागचे हललेच नसते. त्यांनी पाय काढला नाही. दुखणे गोळ्यांना दाद देईनासे झाले तेव्हा आठवड्याच्या आत त्याला झोपविले. त्यांनी आमच्यापेक्षा कमी प्रेम केले असे आम्ही म्हणणार नाही. तेच तीन प्रश्न त्यांनी विचारले, उत्तरे वेगळी आली.

इथवरची हकीकत सांगताना आम्हांला बरे वाटते. पुढची सांगणे भाग आहे.

मोतीने नाताळ पाहिला, आणि पुनरुत्थानाच्या दिवशीही तो आवारात होता. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी आम्हांला एक सोपी पद्धत सांगितली होती: कॅलेंडरवर रोज खूण करा. खाल्ले, झोपला, दाराशी आला, तर चांगला दिवस. नाही तर वाईट. वाईट दिवस चांगल्यांपेक्षा अधिक होऊ लागले की माझ्याकडे या. हे काम आईने घेतले. ती लाल पेन्सिलीने खुणा करी. चांगल्याला गोल, वाईटाला आडवी रेघ.

२०२३ च्या एप्रिलमध्ये त्याला धाप लागू लागली. फोटोत फुफ्फुसांत गाठी दिसल्या. तिसऱ्या आठवड्यात कॅलेंडरवर एकापुढे एक रेघा आल्या, पहिल्या दिवशी एक, मग दोन, मग तीन. आईने बोट ठेवून दाखविले. आम्ही म्हणालो, "उद्या पाहू." मुलगी आजोळी गेली होती, ती शनिवारी परतणार होती, तिची भेट व्हावी असे आम्हांला वाटले. रविवारी आमचा उपदेश होता. सोमवारी पाहू म्हणालो. ते चार दिवस मोती मान लांब करून, उभ्यानेच श्वास घेत होता, कारण आडवे होताच त्याला गुदमरत असे. सोमवारी डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचे इंजेक्शन दिले, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. काही मिनिटांत सर्व शांत झाले. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही हे मान्य केले आहे की कधी कधी प्राण्याला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरते. आम्हांला हे ठाऊक होते. ठाऊक असून आम्ही चार दिवस घेतले.

ते चार दिवस कोणाचे होते? मोतीला मुलीच्या येण्याची तारीख ठाऊक नव्हती. आमचा उपदेश त्याला ऐकावयाचा नव्हता. पाय काढण्याचा निर्णय कठीण वाटत होता, पण तो आम्ही त्याच्यासाठी घेतला, कारण त्यात आम्हांलाही तो परत मिळणार होता. शेवटचा निर्णय त्यापेक्षा साधा होता, पण त्यात आमच्या पदरी काहीच पडणार नव्हते, म्हणून तो लांबविला, आणि त्या लांबविण्याला माया म्हटले. नीतिसूत्रांतील ते अर्धे वचन आमच्याच घरी राहावयास आले होते.

यावरून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात असे. मुका जीव आपल्या हाती दिलेला असतो, याचा अर्थ त्याच्या वतीने बोलण्याचे काम आपल्याला दिलेले असते. आपली इच्छा आणि त्याची गरज एकाच बाजूला असतात तेव्हा हे काम सोपे असते. खरी कसोटी लागते ती दोन्ही वेगळ्या झाल्यावर. म्हणून निर्णय घेताना "मी प्रेम करतो का?" असे विचारू नये, त्याचे उत्तर नेहमी "होय" येते आणि त्याने काही कळत नाही. "हा उद्याचा दिवस कोणासाठी मागतो आहे?" असे विचारावे.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शब्बाथशाळा भरली तेव्हा ती मुलगी पुन्हा कडुनिंबाखाली आली आणि मोती कुठे म्हणून विचारू लागली. आम्ही तिला सांगितले. मग म्हणालो, "बाळ, तू मला विचारलं होतंस ना, मोतीला विचारलं होतं का? त्याला दोनदा विचारलं. त्याला बोलता येत नाही, पण त्यानं दोन्ही वेळा सांगितलं. पहिल्या वेळी काकांनी त्याचं ऐकलं. दुसऱ्या वेळी लवकर ऐकलं नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. "मग तुम्ही त्याला सॉरी म्हणालात?"

"म्हणालो," आम्ही सांगितले. आणि या वेळी तिने जे विचारले होते त्याचेच उत्तर आम्ही दिले होते.